उतरता सूर

वेशीवर हिरवी पाटी : लोकसंख्या १९१२.
बसमधून उतरताना नॉर्मन पेन्केथनं मनात एक मिळवला,
मग वजा केला.
चार दिवसांसाठी कोण मोजतं.

बोल्टनहून निघताना बहीण म्हणाली होती,
न्यूयॉर्क सोडून ओहायोत कशाला मरायला?
त्याला सांगता आलं नव्हतं.
नकाशावर बोट टेकलं, बोटाखाली आलं ते हे :
पाण्याची टाकी, धान्याचं कोठार,
एकमेकांशी अबोला धरलेली दोन चर्चेस,
आणि मॅपलची झाडं, लाल म्हणावीत तर लाल नाहीत,
भट्टीतून नुकती काढलेली, अजून निवायची.

इथं ह्या ऋतूला ‘फॉल’ म्हणतात. पडणं. संपलं.
त्याच्याकडचा ‘ऑटम’ लिहिताना शेवटी एक न येतो,
तो लिहायचा, बोलायचा नाही.
त्याच्याकडे बरंच काही तसंच.

दुसऱ्या दिवशी तो चालायला निघाला.
दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची खुंटं,
पायी जाणाऱ्याला गवताचा काठ तेवढा.
पहिली गाडी थांबली : बिघडली का तुमची?
नाही, गाडीच नाही.
दुसरीत मागे भोपळे आणि एक कुत्रा.
कुठे सोडू?
कुठेच नाही, चालतोय.
कुठे?
नुसताच.
बाई त्याच्याकडे बघत राहिली,
डॉक्टरांनी हात टेकलेल्याकडे बघावं तशी.
तिसरी गाडी पोलिसांची.
डेप्युटी वेंडेल क्रूगर, असेल सव्वीसचा,
कमरेला पिस्तूल, गालांवर मुरमं :
गुन्हा नाही सर, पण चार फोन आलेत,
एक म्हातारा चालतोय म्हणून.

त्यानंच डायनरवर आणून सोडलं.
तिथं डार्लीन म्हणाली, पुन्हा बोला.
काय?
काहीही. वॉटर म्हणा.
तो म्हणाला. स्वयंपाकी हात पुसत बाहेर आला. पुन्हा.
चाळीस वर्षं लोकांच्या पियानोंना कान दिला होता त्यानं,
त्याला कुणी असा दिला नव्हता.

कोपऱ्यात एक पियानो होताच.
वर केचपच्या बाटल्या, हॅलोविनचा कागदी सांगाडा.
नॉर्मननं झाकण उघडलं. एक पट्टी. तिचीच वरची. मग तीन एकदम.
खिशातला नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला.
अर्धा स्वर उतरलाय.
मोडलाय म्हणा ना, डार्लीन म्हणाली,
पंपांचा कारखाना बंद पडला तेव्हापासून
हात लावलेला नाही कुणी.
नाही, मोडलेला असा नसतो.
एकच तार उतरली तर बाकीच्या तिला उघडं पाडतात.
ह्याच्या सगळ्या उतरल्यात, जरा जरा,
एकमेकींचा अंदाज घेत.
आपापसात सुरात आहे हा.
बाहेरून कुणी काटा घेऊन आला, तरच कळायचं.

कोणी काही बोललं नाही.
काउंटरवरच्या एका टोपीनं कॉफीत साखर ढवळली,
ढवळतच राहिली.
मग विचारलं, जुळवायचे किती घ्याल?
अवजारं नाही आणली, नॉर्मन म्हणाला.
खोटं.
सूटकेसच्या तळाशी, मोज्यात गुंडाळलेली, किल्ली होती.

शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर अख्खं गाव.
वेंडेलच्या आईनं त्याच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली, न विचारता.
खेळ त्याला कळला नाही.
गावची पोरं एक्केचाळीस-सहानं हरली,
आणि तरी गाड्यांचे भोंगे इतके वाजले
की तो दोनदा फलकाकडे बघून आला.

रविवारी बस.
पाटी ह्या बाजूनं कोरी,
नुसता पत्रा, दोन बोल्ट.
पुढच्या सीटवरचं एक पोरगं गुडघ्यांवर उभं राहून, मागं वळून विचारतं :
तुम्ही असं का बोलता?
नॉर्मन थोडा विचार करतो.
वॉटर, म्हणतो.